पडद्यावर धावलेली रेघ

टीव्हीवरच्या त्या मालिकेची गोष्ट मला आजही धड सांगता येणार नाही. मी फक्त तिची सुरुवातीची नावं पाहायची. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ डावीकडून धावत यायची आणि तिच्याखाली एकेक अक्षर उमटायचं. मिनिटभराचा खेळ. तो संपला की मी उठायची. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्या शेजारच्या काकू वैतागायच्या, "आता कुठं नाटक सुरू झालं, आन् तू काहून चालली वं?"

ऐंशीच्या दशकातलं नागपूर. मी विशीतली, सिनेमाच्या मध्यंतरात दाखवायच्या जाहिरातींच्या काचा रंगवणाऱ्या दुकानात कामाला. काचेवर काळा रंग फासायचा, सुकला की सुईनं अक्षरं कोरायची; मागून दिवा लावला की ती पडद्यावर उजेडाची होऊन झळकत. फासायचं काम माझं, कोरायचं मालकांचं. बाईमाणसाचा हात अक्षराला लागू द्यायचा नाही, असा त्यांचा नियम. आणि मला अक्षरंच लिहायची होती.

ती रेघ पाहिली आणि मी इरेला पेटले. दिवा चालू असतानाच काच कोरली तर आपली रेघही धावेल की! पण आठवड्याला मिनिटभरच मिळायचं, म्हणून मी वाटणी केली. एका आठवड्यात आकडे मोजत रेघेचा वेग धरला, दुसऱ्यात अक्षराला कुठून सुरुवात होते तेवढंच पाहिलं. एकदा ऐन वेळी वीज गेली. त्या दिवशी मी रागानं जेवले नाही.

अडचण निराळीच होती. सिनेमा दाखवायच्या यंत्राचं भिंग चित्र उलटं करतं, म्हणून काचेवर अक्षरं डोकं खाली, पाय वर अशी लिहावी लागणार. सक्करदऱ्याच्या तलावाकाठी 'पोहण्यास मनाई' अशी पाटी होती. पाण्यात ती मला हवी तशीच दिसायची. काठावर बसून मी ते पाण्यातलं वहीत उतरवत राहिले. येणारेजाणारे बघायचे, बघोत बापडे.

मालकांना सांगितलं तर म्हणाले, "तुले रंग फासाले ठेवलं आहे, जादू कराले नाही." मी महिनाभर त्यांची पाठ सोडली नाही. शेवटी ते चिडले. "कर एक डाव. फसली तर पुन्हा अक्षराचं नाव काढाचं नाही, सांगून ठेवतो."

जाहिरात धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याची होती. मजकूर एवढाच: डोळे तपासा. दुपारच्या खेळाचं मध्यंतर झालं. मालक खाली प्रेक्षकांत जाऊन बसले. वर यंत्राच्या खोलीत मी दिव्याकडे तोंड करून बसले, पडद्याकडे पाठ, डोळ्यांवर झोत. पडद्यावर काय उमटतंय ते मला दिसणारच नव्हतं. मी सुई टेकवली आणि रेघ ओढली.

खाली खुर्च्या वाजत होत्या, समोसेवाला ओरडत होता. मग हळूहळू गलका थांबला. "डो," कोणीतरी वाचलं. "ळे," दहाबारा जण म्हणाले. मी हात थांबवला नाही. 'त' झाला, 'पा' झाला. तेवढ्यात दिव्याच्या उष्णतेनं उरलेल्या काळ्या रंगाचा पापुद्राच सुटून खाली पडला. शेवटच्या अक्षराला जागाच उरली नाही. संपलं सगळं, असं वाटलं. मी सुई खाली ठेवली.

"सा!" अख्खं थिएटर ओरडलं.

मालक जिना चढून वर आले. "शेवटचं अक्षर राहिलं," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. मी रडतच घरी गेले. लोकांनी पुरं केलं म्हणून काय झालं, माझं तर फसलंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात पोचले तर माझ्या स्टुलापुढचा काळ्या रंगाचा डबा जागेवर नव्हता. तो मालकांनी स्वतःपुढे ओढून घेतला होता आणि खाली मान घालून ते काच फासत होते. माझ्या जागी सुकलेली एक काच होती, तिच्यावर सुई. मी पदराला हात पुसले आणि पहिलं अक्षर कोरायला घेतलं.