आत्याचं पळतं अक्षर

वंदनाआत्या गेल्याचं मला अमरावतीत फोनवर आलेल्या एका चित्रातून कळलं. कडेनं गुलाबाच्या पाकळ्या, मध्ये तिचा फोटो आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'… जाड, दाबलेल्या, उजवीकडे कललेल्या अक्षरांत. ते अक्षर तिनंच काढलेलं. ते चित्र करणाऱ्या चुलतभाऊ दिनेशदादाला वाटलं, केवढा मान दिला! मला रडू नंतर आलं. आधी किळस आली.

आत्या अकोल्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. कबड्डीच्या स्पर्धेत 'नांदगाव खंडेश्वर' हे एका संघाचं नाव कापडी फलकावर एका ओळीत मावेना, म्हणून तिनं हे अक्षर घडवलं. अरुंद, म्हणजे नाव मावावं. जाड, म्हणजे मैदानाच्या धुळीतून दिसावं. कललेलं, कारण चढाईला निघालेला खेळाडू ताठ उभा नसतो. पुढे तिनं ते कॉम्प्युटरवर आणलं आणि फ्लेक्सवाल्यांना वापरायला दिलं. त्या लोकांनी ते वाढदिवसांवर फासलं, लग्नपत्रिकेत कोंबलं, मंगलाष्टकांनासुद्धा सोडलं नाही. सामना, सेल, सर्कस… मोजके आणि घाईचे शब्द, एवढंच त्याचं काम, हे तिनं सांगून पाहिलं. ऐकणारे मान डोलवत आणि पुन्हा तेच करत. एकदा एका दवाखान्याची पाटी बघून ती भर रस्त्यात थांबली. "डॉक्टर पळून चालला काय वं?" म्हणाली. बाळापूरला श्रद्धांजलीचा असाच एक फ्लेक्स दिसला, तेव्हा मात्र हसली नाही. "मेलेल्या माणसाले कायची घाई? त्याले तरी सरळ उभं राहू द्या ना."

आणि तेरवीच्या आदल्या दिवशी, मी अकोल्याला आत्याच्या घरी असताना, दादा तिच्याच श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा नमुना घेऊन आला. तेच अक्षर, वर सोनेरी कड, सावली, चमक. 'द्ध'चा तर नुसता गोळा झाला होता. हे चौकात लागणार होतं, तिच्या विद्यार्थ्यांसमोर.

"दादा, हे नको. सरळ अक्षरात करू."

"काहून? तिचंच तं आहे. अन् तुले मराठीतलं काय समजते, कॉन्व्हेंटवाली?"

घरातले हसले. एरवी मी तिथंच माघार घेतली असती.

"दादा, आत्या कबड्डी खेळायला गेली नाहीये."

दादानं नमुना टेबलावर टाकला. "कर मंग तूच."

आत्याच्या खोलीत, तिच्या कॉम्प्युटरवर बसून मी तिचं नाव सरळ, मोकळ्या अक्षरात लिहिलं. कड नाही, चमक नाही. प्रिंट भिंतीला चिकटवली. काही काढलं की आत्या ते असंच लावायची आणि त्यावरची नजर न काढता, एक डोळा मिटून, उलटी चालत जायची, पाठ कपाटाला टेकेपर्यंत. कपाटाच्या दाराचा रंग तेवढ्या जागी अजून उडालेला आहे. मीही तशीच मागे गेले. पाठ टेकली.

"दिसून राहिलं का?" दादानं दारातून विचारलं.

"दिसून राहिलं," मी म्हटलं.