गुरूच्या वर्गातला लघुग्रह

नात परवा विचारत होती, "आजी, ऑर्बिटला मराठीत काय म्हणतात गं?" मी कुकरच्या शिट्ट्या मोजत असल्याचं नाटक केलं. शब्द येतो मला. न यायला काय झालं? त्याच शब्दानं माझी अब्रू घालवली आहे.

लग्न होऊन घाटकोपरला आले तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजायचे. वडिलांच्या बदल्यांमुळे शिक्षण सगळं हिंदीतून. चित्रकला मात्र झकास, आणि ती मिरवायची हौस त्याहून झकास. धाकट्या नणंदेला एका शाळेत मुख्याध्यापकांसमोर नमुना पाठ घ्यायचा होता. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर सासूबाई चिपळूणचं स्थळ पक्कं करणार होत्या. तिनं मथळा लिहून दिला, 'गुरूच्या कक्षेत फिरणारा लघुग्रह', आणि म्हणाली, "वहिनी, तक्ता तेवढा रंगवून दे ना."

हिंदीत कक्षा म्हणजे वर्ग. मला वाटलं, पोरीनं घाईत हिंदी शब्द घुसडला, शाळेत हसतील तिला. केली दुरुस्ती. तिला विचारायचं कशाला? आम्ही हुशार ना! वर तिनं सांगितलेलं मोठं वर्तुळ ओकंबोकं दिसलं म्हणून त्याला गुरुजींची पांढरी दाढी काढली, गंध लावलं.

तिनं तक्ता उघडला तो थेट पोरांसमोर. 'गुरूच्या वर्गात फिरणारा लघुग्रह'! मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "बाई, त्याला अंगठे धरून उभा करा!"

"करा की," नणंद म्हणाली, "पण सापडेल तर ना! गुरुजी ज्या वाटेनं सूर्याभोवती फिरतात, त्याच वाटेनं हा फिरतो, पण बराच पुढे राहून. दोघांची फेरी सारख्याच वेळात पुरी होते. म्हणून गुरुजी काही त्याला गाठत नाहीत."

पोरं हसली, मग ऐकत राहिली. नोकरी मिळाली. हे सगळं तिनंच संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, माझ्याकडे न बघता.

तिथे गप्प बसले असते तरी निभावलं असतं. पण सासूबाई पेढे वाटायला लागल्या, तशी मी चाळीतल्या बायकांना म्हणाले, "तक्ता माझा होता हो!"

नणंद दारातच होती. "हो, वहिनीचाच," म्हणाली आणि माझ्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. तो मी तसाच डब्यात परत ठेवला.

नात अजून उभीच. "सांग ना गं!"

"तुझ्या आत्याआजीला फोन लाव," मी म्हटलं. "आणि स्पीकरवर ठेवू नकोस."