निघोज्याच्या शेडमधली कॅम्परव्हॅन

मी क्वालिटीत काम करणारा माणूस. चाकणच्या एका कंपनीत रोज पार्ट हातात घ्यायचा आणि त्यात खोट शोधायची, हाच माझा धंदा. त्यामुळे कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी त्यातही खोट शोधायचो, आणि ती सापडायचीसुद्धा. या ग्रुपवरचे अनुभव बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं हसायचो. आज मी लिहितोय... आता तुम्ही हसा. माझी काही तक्रार नाही.

माझा मोठा भाऊ – दादा – रिटायर झाला आणि त्याने फंडातून कॅम्परव्हॅन घेतली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो – उंच व्हॅन असते आणि आत पलंग, ओटा, सिंक, इवलासा फ्रिज, खिडक्यांना पडदे. जन्मभर कासारवाडीच्या दोन खोल्यांत काढलेल्या माणसाने शेवटी चाकांवरचं घर घेतलं. हौसेला मोल नसतं, दुसरं काय!

पूजेच्या दिवशी नवराबायकोत जुंपली. दादाने गाडीची करतात तशी पूजा केली – हार, नारळ, चाकाखाली लिंबू. वहिनी म्हणाल्या, "आत शेगडी आहे, अंथरूण आहे, म्हणजे हे घरच झालं." त्यांनी आतल्या शेगडीवर दूध उतू जाऊ दिलं. मी म्हटलं, "वहिनी, आता वास्तुशांतही घाला, पार्किंगमध्येच पंगत बसवू." सगळे हसले, वहिनी सोडून.

आणि मग एकही मोठी ट्रिप व्हायच्या आत ऑस्ट्रेलियातल्या पुतणीचं बाळंतपण निघालं. दोघांना सहा-सात महिने तरी जावं लागणार होतं. एवढ्या उंच गाडीला आमच्या चिखलीच्या सोसायटीने जागा नाकारली. निघोज्यात माझ्या कंपनीतल्या मित्राची, संपतची, पत्र्याची शेड रिकामी होती. त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. गाडी तिथे लागली.

दादाने जाताना सगळी शिकवणी घेतली. पाण्याची टाकी रिकामी केली. गॅसचं सिलिंडर काढून संपतच्या घरी ठेवलं. वास धरू नये म्हणून फ्रिजचं दार उघडं ठेवलं, बॅटरीची वायर सोडली, उंदरांसाठी सायलेन्सरच्या तोंडाला जाळी बांधली. मी दर रविवारी जाऊन कव्हर काढायचं, बॅटरी जोडून इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, हवा बघायची आणि गाडी जराशी मागेपुढे करायची... नाहीतर एकाच जागी टायर बसतात. "पोटच्या पोरासारखी सांभाळ," असं दादा एअरपोर्टवरूनसुद्धा म्हणाला. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे होत्या.

पहिल्यांदा पडदे लावलेले दिसले. मी ते नेहमी उघडे ठेवून जायचो. वाटलं, विसरलो असेन. मग एकदा सिंक ओलं होतं. टाकी ठणठणीत कोरडी, नळ सोडला तर नुसती हवा, आणि सिंकमध्ये खरकटं धुतल्यासारखं पाणी! त्याच्या पुढच्या खेपेला गादीवर खळगा होता, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा.

मी संपतला गाठलं. "भावा, दुपारचं कोणी झोपायला जातं का रे आत?"

तो भडकलाच. "किल्ली तुझ्याकडं अन् इचारतोय मला? आमच्या घरात पलंग न्हाईत व्हय?"

त्याचं बरोबर होतं. मी माफी मागितली. खरं सांगतो, तोवर भीती अशी वाटलीच नव्हती. चीड येत होती, की आपल्याला खोट सापडत नाही.

एप्रिलमधला तो रविवार. बायकोची – मनीषाची – हॉस्पिटलात ड्यूटी होती, म्हणून दुसरीतल्या लेकीला, ओवीला, बरोबर घेतलं. मला काही वेणी घालता येत नाही, त्यामुळे पोरगी तशीच झिपऱ्या सोडून आली. वाटेत संपतच्या दारात पाणी प्यायलो, त्याने तिला "काय झिपरे" म्हणून चिडवलंही.

शेड नुसती तापली होती. मी गाडीचं सरकतं दार सताड उघडलं, तिला म्हटलं, दारातच बस, आणि मागच्या टायरला पंप लावला. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला. कुणाशी तरी बोलत होती. "हो... दुसरीत... नाही, बाबांना येत नाही..." पोरं खेळताना बडबडतात तशीच. मी लक्ष दिलं नाही. मग दार सरकल्याचा आवाज झाला.

"ओवी, दार लावू नको गं, गुदमरशील," मी ओरडलो. पंप टाकून मी दाराकडे गेलो.

दार ओढलं, हलेना. किल्ली फिरत होती, लॉक उघडल्याचा खटका ऐकू येत होता, पण दार हलत नव्हतं. पुढची दारंही तशीच. खिडकीवर हाताचा आडोसा करून पाहिलं. ओवी पलंगाच्या कडेला माझ्याकडे पाठ करून ताठ बसली होती. मी काचेवर थापा मारल्या, नाव घेऊन ओरडलो... तिने मान वळवली नाही. बंद गाडीत उन्हाने काय होतं ते मनीषाकडून ऐकलेलं होतं. मी संपतला हाका मारल्या, तो धावत आला, दार ओढून पाहिलं आणि "लोखंडी टॉमी आनतो, काच फोडू!" म्हणत घराकडे पळाला.

मी एकटा उरलो. तेव्हा आतला पडदा हळूच सरकला आणि मला ओवी दिसेनाशी झाली. पडदा आतून ओढत नेतात तसा सरकला होता आणि ओवी खिडकीपासून लांब बसलेली होती.

मग मी जे केलं ते का केलं, मला माहीत नाही. ओढाओढी सोडली. शेजाऱ्यांचं दार वाजवतात तशी बोटाने टकटक केली आणि म्हणालो, "अहो... पोरीला न्यायला आलोय. दार उघडता का?" मी रडत होतो हे मला नंतर कळलं.

आतून बाईचा आवाज आला. अगदी साधा, घरात काम करता करता बोलावा तसा. "उघडंच आहे की."

मी हात लावला आणि दार एका बोटाने सरकलं.

आत ओवीशिवाय कुणी नव्हतं. तिला उचललं तर अंग गार, घामाचा टिपूस नाही. आणि केसांच्या दोन घट्ट वेण्या, शेवटाला काळा दोरा. संपत टॉमी घेऊन आला आणि तिच्याकडे बघतच राहिला. "राव... येताना तर मोकळे व्हते." गाडीचं दार तसंच टाकून मी पोरीला घेऊन निघालो.

मनीषाने संध्याकाळी वेण्या सोडल्या. सोडताना ओवी खूप रडली. मनीषाने केस हुंगले आणि म्हणाली, "हे तेल आपल्याकडचं नाही."

मी दादाला फोन केला. तो हसेल म्हणून एवढंच सांगितलं की दार अडकलं होतं, ओवी आत राहिली होती, पण आता बरी आहे. बाकी एक शब्द नाही. तो कुलपाला तेल घाल वगैरे सांगत होता, तेवढ्यात वहिनींनी त्याच्याकडून फोन घेतला. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, तिने ओवीला काही खायला दिलं का?"

"कोणी, वहिनी?" मी विचारलं. त्यांनी फोन ठेवला. नंतर कितीदा विचारलं, पण त्या विषय बदलतात.

माझं सगळं तपासून झालंय. उन्हाने पत्रा फुगला, लॉक अडकलं, इथपर्यंत माझी बुद्धी जाते. वेण्यांपाशी थांबते. संपतने शेडला बाहेरून कुलूप घातलंय, दादा रागावलाय, टायर एव्हाना बसले असतील. बसू देत. मी जात नाही.

वहिनींचा तो प्रश्न मी त्याच संध्याकाळी ओवीला विचारला होता. ती चित्र रंगवत होती, मान वर न करता म्हणाली, "नाही बाबा. ती म्हणाली, पुढच्या वेळी."