दोन मुठींवर ध्रुव

आभाळ ठेंगणं झालेली माणसं मी पुष्कळ पाहिली. पण ते मुठीने मोजणारा माणूस माझ्या मामांशिवाय दुसरा झाला नाही. नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये जन्मभर छापील कागदांतले दोष शोधून ते निवृत्त झाले आणि दर शनिवारी दिवेलागणीला सोसायटीच्या गच्चीवर नवशिक्यांना खगोलशास्त्र शिकवू लागले. पहिला धडा ठरलेला: हात ताठ, एक डोळा बंद, मूठ आवळून आकाशावर धरा, एक मूठ म्हणजे दहा अंश. "हात आखूड तर मूठही लहान. आभाळ कुणावर अन्याय करत नाही," असं ते म्हणत. सवय जुनी. मामींना बघायला गेले तेव्हाही बैठकीतच हात ताणून "मुलगी दीड मूठ आहे" म्हणाले होते, आणि मामींच्या वडिलांनी पोह्यांच्या बशा आल्या पावली आत पाठवल्या होत्या. शेजाऱ्यांनी एकदा विचारलं, शनी आमच्या मुलाच्या लग्नाच्या आड येतोय का? मामा म्हणाले, "इतक्या लांबून? त्याला स्वतःची कडी सांभाळून वेळ उरत नाही हो."

दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला आणि मामांचा उजवा हातच गेला. वर्ग बंद झाला. डावी मूठ आहे की, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "तिची तपासणी झालेली नाही." पुढे तेवढंही बोलेनासे झाले. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आता हा माणूस उठत नाही, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

एका शनिवारी त्यांच्या वर्गातल्या सर्वांत थोरल्या विद्यार्थिनी आल्या. मखमलाबादला झेंडू पिकवणाऱ्या, पन्नाशीच्या बाई.

"काका, आपल्या नाशकात ध्रुव दोन मुठी वर ऱ्हातो म्हनले व्हते तुम्ही. चला, दाखवा."

"मूठ वळत नाही, बाई."

"एक तुमची, एक माझी. आभाळाला काय कळतंय?"

आम्ही दोघांनी धरून त्यांना गच्चीवर खुर्चीत बसवलं. मी कोपर उचलून धरलं, बाईंनी त्यांचं एकेक बोट मिटवून मूठ केली, डोळ्यांसमोरच्या कठड्यावर टेकवली आणि तिच्यावर आपली मूठ ठेवली. ध्रुव बाईंच्या मुठीपासून चांगला बोटभर वर सुटला होता. केसाएवढ्या दोषासाठी मामांनी जन्मभर कागद बाद केले होते.

त्यांनी एक डोळा मिटून ते अंतर पाहिलं. मग म्हणाले, "चालेल. पुढच्या शनिवारी पहिला धडा तुम्ही घ्या."

आम्ही त्यांचा हात हळूच खाली, मांडीवर ठेवला.