हिरव्या ठिपक्याच्या गोळ्या

आमच्या खामगावच्या घराला लागूनच चाचीचं घर. दर ईदला ती शिरखुर्म्याचं सामान आणून द्यायची. शेवया, खारीक, चारोळी, साखर, सगळं कोरडं. कारण आई त्यांच्या घरचं शिजलेलं खात नसे, आणि म्हणून आम्हीही नाही. आमचा दिवाळीचा फराळ मात्र त्यांच्याकडं तयार जायचा आणि ते सगळे आवडीनं खायचे. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, याचंच आता जास्त वाईट वाटतं.

यंदा चाची कायमची अकोल्याला लेकाकडं निघाली. ईदच्या आदल्या दिवशी टेम्पो येणार होता. तिच्या नातवंडांना गोड द्यायचं म्हणून आईनं रंगीत, मऊ गोळ्यांचं पाकीट काढलं. माझ्या भावानं ते परदेशातून आणलेलं. दात नसलेल्या आईला त्या गोळ्या फारच आवडल्या होत्या. मी सहज पाकीट उलटून वाचलं, तर आत डुकराचं जिलेटिन!

"अव माय!" म्हणत आईनं मोरीत जाऊन चुळांवर चुळा भरल्या. पण तिचा जीव अडकला होता दुसरीकडंच. "तिच्या लेकरायच्या तोंडात गेलं असतं तं? तिनं तं डोळे झाकून देलं असतं."

मग भर उन्हात बाजार. प्रत्येक पाकिटावरून आईनं दुकानदाराला भंडावून सोडलं. शेवटी तो वैतागला. "काकू, हा हिरवा ठिपका पाहा नं. तुमाले चालते, त्यायलेबी चालते."

"दोघायले एकच?" आईला मोठं नवल वाटलं.

टेम्पो भरून झाल्यावर चाची निरोपाला आली. हातात नेहमीचं ताट, नेहमीसारखंच कोरडं. आईनं गोळ्या दिल्या आणि बोटानं ठिपका दाखवला. चाचीनं तिकडं पाहिलंही नाही.

"भाभी, तुमच्या घरून आलेलं मी कधी उलटून पाह्यलं का?"

आईचा चेहरा उतरला. तिनं ताट हातात घेतलं. मग हळूच म्हणाली, "पुढच्या ईदले शिजवून आणजो. मी खाईन."

चाचीनं टेम्पोत बांधलेल्या गॅसच्या शेगडीकडं पाहिलं, आईचा हात दाबला आणि गेली.

ईदच्या दिवशी आईनं दरवर्षीसारखा शिरखुर्मा केला. एक चमचा तोंडात घेतला. मग मला विचारलं, "तिच्या हातचा असाच लागत असन का रे?"

मलाही ते ठाऊक नव्हतं.