मांजर शुद्धीवर आल्याचं आईला कळलं

प्राण्यांच्या त्या दवाखान्यात आतल्यापेक्षा बाहेर जास्त गडबड असायची. कुत्रा ऑपरेशनच्या टेबलावर असला की त्याचा मालक सारखा खिडकीशी येऊन "झालं का?" विचारायचा. काउंटरवरची बाई उत्तरं देऊन देऊन मेटाकुटीला आली, तेव्हा डॉक्टरांनी वेबसाइट सांभाळणाऱ्या प्रोग्रामरला गाठलं. ती आईबरोबर राहायची आणि घरूनच काम करायची.

काम दुपदरी होतं. मालकाने मोबाइलवर वेबसाइट उघडलेली असेल, तर नर्सने आत बटण दाबताक्षणी पानाच्या वरच्या घंटीच्या चिन्हावर लाल ठिपका उमटायला हवा होता, पान पुन्हा उघडायला न लावता. वेबसाइट बंद असेल तर तोच निरोप ईमेलने जायला हवा होता.

घंटी चटकन जमली. ईमेलने मात्र घाम फोडला. सर्व्हर, पोर्ट, पासवर्ड सगळं बरोबर भरलं, तरी निरोप थेट स्पॅममध्ये जाऊन पडत. पाठवणारा खरा दवाखानाच आहे हे पटवणाऱ्या नोंदी डोमेनच्या सेटिंगमध्ये टाकल्यावर कुठे गाडी रुळावर आली. चाचणीसाठी तिने प्रत्येक मेलची छुपी प्रत आईच्या पत्त्यावर लावली होती. सगळं सुरू झाल्याच्या आनंदात ती ओळ काढायची राहूनच गेली.

काही आठवड्यांनी डॉक्टरांचा फोन आला. तुमच्या सिस्टीममध्ये कुणी आजी बसवल्यात का, असं त्यांनी हसू दाबत विचारलं. दवाखान्याच्या पत्त्यावर रोज उत्तरं येत होती. मांजर शुद्धीवर आल्याच्या निरोपाला उत्तर होतं, 'गुणी बाळ ते. घाबरलं नाही ना?' पोपटाचा पंख बांधल्याच्या निरोपाला, 'उडेल हो लवकर.' खाली सही, 'आई'.

लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांचे निरोप तिसऱ्याला दिसणं बरोबर नव्हतं. तिने ती ओळ तिथल्या तिथे काढली, मालकांना माफीचे मेल लिहिले आणि आईकडे गेली.

"अगं, मला वाटलं तू मुद्दाम पाठवतेस," आई म्हणाली, "माझा वेळ जावा म्हणून." आणि लगेच काळजीने विचारलं, "त्या सशाचं काय झालं? मघाशी आत नेल्याचं आलं होतं."

लेकीला ते कुठे ठाऊक होतं? मग दोघी दवाखान्यात गेल्या. सशाचा मालक, एक दांडगा टॅक्सीवाला, बाकड्यावर अंग चोरून बसला होता. आईने आधी स्वतःच मेल वाचल्याची कबुली दिली आणि मग ससा खातो काय, झोपतो कुठे, सगळं विचारून घेतलं. बोलता बोलता त्याचे खांदे सैल झाले. ससा शुद्धीवर आल्याचा ठिपका मोबाइलवर उमटला तरी त्याचं लक्ष नव्हतं. लेकीने त्याच संध्याकाळी घंटीला आवाज जोडला.

"ऑपरेशनच्या दिवशी येत जा तुम्ही," डॉक्टर आईला म्हणाले.

आता आई नेमाने जाते. परवा ती एका बाईला समजावत होती, की कासवच ते, शुद्धीवर यायलाही सावकाशच निघालं असेल. ती बाई डोळे पुसता पुसता हसत होती.