कार्तिकातले पाणी

सातपुड्याच्या पायथ्याशी, एलिचपुराच्या उत्तरेस, जिथे नाले बारमाही वाहतात आणि विहिरींचे पाणी जन्मजात गोड असते, तिथल्या एका माळ्याच्या घरी शालिकरामाचा जन्म झाला. विद्या म्हणून त्याला दोनच गोष्टी अवगत होत्या : रोप जगवणे आणि पाणी चाखणे. पंचक्रोशीत कुणाच्या नव्या विहिरीला पाणी लागले, की शालिकरामाला बोलावणे येई. आदल्या दिवसापासून तो तंबाखूला शिवत नसे. सकाळची न्याहारी वर्ज्य करी. वरवरचे पाणी उपसून टाकवी, मग ओंजळभर घोट जिभेखाली धरून डोळे मिटी, आणि लोक मंत्रोच्चार ऐकावा तसे त्याच्या तोंडाकडे पाहत राहत. “केळ येईन याच्यावर,” तो शेवटी म्हणे, आणि तिथे केळ येई.

मधुर रस हा जलाचा सहजधर्म, क्षार तो आगंतुक, असे तर्कशास्त्रकार मानतात. शालिकरामाने शास्त्र वाचलेले नव्हते. पण त्याच्या मुलखातले पाणी श्रावणात जसे तसेच वैशाखात असे, आणि एकदा चाखलेले पाणी कायमचे कळले, अशी त्याची निःशंक श्रद्धा होती.

वडिलांमागे मळ्याच्या वाटण्या झाल्या. विहीर मात्र एकच राहिली, आणि पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या भावांची तोंडे वाकडी होऊ लागली. वऱ्हाड मध्यप्रांतात मोडे ते दिवस. कापसाला तेजी होती. अकोल्यात सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहत होते, आणि त्यांच्याभोवती गोळा होणाऱ्या माणसांना रोज ताजी भाजी हवी होती. भांडून राहण्यापेक्षा दूर जाऊन गोड राहावे, असा विचार करून शालिकराम पत्नी माणिकबाईसह अकोल्यास आला. दोघांना मूलबाळ नव्हते. बिऱ्हाड हलके होते. मोर्णा नदीच्या काठी खुशालराव पाटलांचा लहानसा मळा आणि त्यातल्या दोन खोल्या त्याने सालाच्या मक्त्याने, म्हणजे वर्षाचे भाडे ठरवून, घेतल्या.

मक्त्याच्या जमिनीचा एक अलिखित धर्म असतो. साल संपायच्या आत जे संपेल तेच तिच्यात पेरावे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, मुळा. फार तर वांगी. झाड लावू नये. कारण झाड जमिनीचे आणि जमीन मालकाची. चार-पाच वर्षे शालिकरामाने हा धर्म निष्ठेने पाळला. एकदाच त्याचा मोह अनावर झाला, आणि विहिरीच्या थाळ्यापाशी, मोटेचे पाणी पडते तिथे, त्याने मोगऱ्याची चार रोपे लावली. दुसऱ्या उन्हाळ्यात ती कळ्यांनी भरली, त्याच दिवशी पाटलांच्या घरून परडी आली. मागणे नव्हते, उर्मटपणाही नव्हता; आपल्या घरची वस्तू आणायला पाठवावी तशी ती परडी आली होती. माणिकबाईने कळ्या खुडून दिल्या. शालिकराम त्या दिवशी जेवला नाही.

त्यानंतर त्याच्या मनाने एकच ध्यास घेतला : स्वतःची जमीन, आणि तीत संत्र्याची बाग. संत्र्याला फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात. इतकी वर्षे मातीवर विश्वास ठेवायचा, तर ती माती आपल्या नावावर असली पाहिजे.

त्या वर्षी कार्तिकात योग जुळून आल्यासारखा वाटला. शहराच्या उत्तरेस, पूर्णेच्या दिशेला, नत्थुजी नावाचा एक वृद्ध शेतकरी घर, विहीर आणि थोडी जमीन विकून नागपुरास मुलाकडे जाणार होता. शालिकराम उपाशीपोटी, माणिकबाईला घेऊन, तिथे गेला. मोट धरायला नत्थुजी स्वतः आला.

“पानी कसं हाये, नत्थुजी?”

“मी काय सांगू बाप्पा? जीभ तुमची, पानी तुमचं. चाखून घ्या.”

शालिकरामाने डोळे मिटले. पाणी गोड होते. संशयाला जागाच नव्हती. आवारात हिरव्या भाजीचे नाव नव्हते, केवळ पावसावर येणारा कापूस उभा होता. माणिकबाईच्या नजरेतून ते सुटले नाही. परतताना ती म्हणाली, “अवो, एवढं गोड पानी अन् मेथीची एक काडी नाही तिथं?”

“नत्थुजी कापूसवाला हाये. आळशी मानूस. भाजी काय त्याच्यानं होते?”

“एक उन्हाळा थांबलो तर? इथं का आपल्याले कोनी हाकलून राहिलं?”

“जमीन नाही पळत, पन नत्थुजी पळून राहिला ना नागपुरले!”

मक्ता सोडायचा म्हणून तो पाटलांकडे गेला. खुशालराव ओसरीवर अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“शालिकराम, तुले पोरगी पाहाले कधी नेलंतं का रे?”

“नेलंतं ना, मालक.”

“सनाच्या दिवशी?”

“नाही. कामात होती ते.”

“मंग? इहीर बी तशीच पाहाव. कार्तिकात समद्या इहिरी नवरीवानी नटते. पूर्णेकडची जमीन खारपानाची. वैशाखात जा, अन् मंग चाख. तवरोक राय माह्या मळ्यात.”

शालिकरामाने मान डोलावली. पण रस्त्याने येताना तो मनातल्या मनात हसत होता. आपण गेलो तर पाटलांचा मक्ता बुडतो. तेव्हा ते दुसरे काय सांगणार? ज्याचा स्वार्थ गुंतला आहे, त्याच्या तोंडून सत्य येऊच शकत नाही, असे साध्या माणसाला वाटते. आणि पुष्कळदा शहाण्यालाही वाटते. गावाकडचा आपला वाटा त्याने पैसे घेऊन धाकट्या भावाच्या, सहदेवाच्या, नावे करून दिला. माणिकबाईच्या अंगावर मंगळसूत्राखेरीज काही उरले नाही. पंधरवड्यात ते नव्या घरी आले, आणि शालिकरामाने हिवाळ्यातच संत्र्याची रोपे लावली.

माघ सरला तेव्हा पहिली कुरकुर चुलीपाशी झाली.

“डाळ शिजून नाही राहिली,” माणिकबाई म्हणाली.

“जुनी असन.”

“नवी हाये. अन् कापडं धुतो तर साबनाले फेस नाही. पानी फिरलं का काय, पाहा बरं.”

शालिकरामाने घोट घेतला. जिभेखाली धरला. डोळे मिटले. पाणी कालच्यासारखेच होते. त्याने तसे सांगितले, आणि ते खोटे नव्हते.

फाल्गुनात सहदेव बैलगाडीतून आणखी काही रोपे घेऊन आला. उन्हातून आला होता; दारातच त्याने तांब्या तोंडाला लावला आणि पहिलाच घोट अंगणात थुंकला.

“दादा! हे काय पाजून राहिला मले? मीठ टाकलं का याच्यात?”

आधी शालिकरामाला ती थट्टा वाटली. मग त्याने भावाचा चेहरा पाहिला. सहदेवाच्या हातातला तांब्या घेऊन तो प्याला. त्याला पाणी गोड लागले. त्याच क्षणी त्याला सारे उमगले. विहिरीची पातळी रोज बोटभर उतरत होती, खालचा क्षार रोज कणभर वर येत होता, आणि तेच पाणी रोज पिणारी त्याची जीभ रोज कणभर तडजोड करीत आली होती. जिच्यावर पंचक्रोशीने विश्वास ठेवला, ती जीभ कधी निघून गेली, हे त्याला कळलेही नव्हते. दुसऱ्या हातातली रोपे खाली ठेवायला जागा शोधावी तसा सहदेव इकडेतिकडे पाहत राहिला. शेवटी ती त्याने पुन्हा गाडीत ठेवली.

चैत्रात संत्र्याच्या पानांच्या कडा करपल्या. वैशाखात आळ्यांतून मिठासारखा पांढरा थर चढला. माणिकबाई तो खुरपीने खरवडून काढी. दोन दिवसांनी तो पुन्हा येई. ज्येष्ठाच्या आरंभी बागेत काड्या उरल्या.

तो खुशालरावांकडे गेला. पाटलांनी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरे वाटले असते.

“मळा तर दुसऱ्याले देल्ला रे. तू असता तर कोनाले कावून देतो? मजुरी हाये. येशीन?”

शालिकराम जाऊ लागला. नव्या मक्तेदाराच्या हाताखाली, पूर्वी ज्या वाफ्यांत त्याने स्वतःच्या हिशेबाने पेरले, त्यांतच तो आता दुसऱ्याच्या सांगण्यावरून पेरू लागला. घरी पिण्याचे पाणी माणिकबाई मोर्णेपलीकडून डोक्यावर आणी. स्वतःचे घर, स्वतःची विहीर, आणि पाणी परक्याचे.

पावसाळा झाला. पुढल्या कार्तिकात विहीर भरून वर आली.

“वरन शिजून राहिलं आता,” माणिकबाई एका संध्याकाळी म्हणाली. “आता इकून टाका.”

“कोनाले?”

“येईन त्याले. नत्थुजीनं इकलंच ना?”

“नत्थुजी खोटं नाही बोलला.”

“तुमी बी नका बोलू. नुसते उगे राहा.”

तो उगा राहिला. हा होकार आहे असे माणिकबाईने समजून घेतले, आणि बाजारात दोघाचौघांच्या कानावर घातले. आठवड्याने बाळापुराकडचा एक गृहस्थ आला. सभ्य माणूस, शहरात भाड्याने राहून कंटाळला होता. त्याने आवार पाहिले, भिंतीवर थाप मारून पाहिली, बादलीभर पाणी ओढून ओंजळीने प्याला आणि प्रसन्न चेहऱ्याने शालिकरामाकडे वळला. शालिकराम खांबाला धरून उभा होता. माणिकबाई दाराआड होती.  आता तो बोलणार नाही, असे तिला वाटून तिने श्वास सोडलाही.

“वैशाखात खारं होते,” शालिकराम म्हणाला. “बाग नाही होत. डाळ नाही शिजत.”

गृहस्थाने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. ओंजळीत उरलेले पाणी त्याने झटकले, हात जोडले, जोडे घातले आणि तो गेला. त्याने ही गोष्ट सांगितली असावी. कारण नंतर त्या घराची चौकशी कुणी केली नाही.

माणिकबाई बाहेर आली. ती रडली नाही. “झालं समाधान?” एवढेच म्हणाली.

त्याचे समाधान झाले नव्हते. पुण्य पदरी पडल्याची जी शांती कीर्तनकार वर्णन करतात, ती त्याला कुठेच सापडेना.   

कार्तिक सरत आला होता, आणि माघ दूर नव्हता. माणिकबाईने चुंबळ डोक्यावर ठेवली, घागर घेतली आणि मोर्णेची वाट धरली. सवय मोडून चालणार नव्हते. शालिकराम तिच्या मागोमाग थोडा गेला. मग त्याला मळ्यावर कामाला जायचे आठवले, आणि तो दुसऱ्या वाटेने वळला.